नाव पद्मिनी, माप अडुसष्ट

२०२४ च्या फेब्रुवारीत रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना, आंबा घाटाचा चढ निम्म्याहून अधिक संपला होता त्या ठिकाणी, आमच्या १९८४ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. तापमानाचा काटा त्याआधी केव्हा चढला याकडे माझे लक्ष नव्हते, आणि या प्रकरणातली पहिली चूक तीच होती. दुसरी त्याहून मोठी. मागे बसलेल्या आईला उन्हात किती वेळ ताटकळत ठेवायचे या विचाराने मी इंजिन पुरते निवण्याची वाट पाहिली नाही. जेमतेम पंधरा मिनिटांत फडक्याने झाकण उघडून रेडिएटरमध्ये बाटलीतले गार पाणी ओतले, आणि वर आंबा गावापर्यंत तरी पोहोचू म्हणून गाडी पुन्हा चालू केली. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर इंजिनातून कोरडा, खरवडल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी थांबली. आईला मागून येणाऱ्या एसटीत बसवून दिले, आणि मी रात्री साडेनऊला गाडीसह टेम्पोतून कोल्हापुरात उतरलो.

ही गाडी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोंदणी करून आणि नंबर लागण्याची वाट पाहून घेतली होती. त्या काळी सर्वांनाच तसे करावे लागे. जुन्या फियाटविषयी बोलताना लोक सरसकट ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, पण ती पद्मिनीच्या आधीची, गोल पाठीची गाडी. पद्मिनी ही इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीची मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आवृत्ती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती आधी फियाटच्या नावाने आणि १९७० च्या दशकापासून स्वतःच्या नावाने विकली. गाडीची ही वंशावळ मी केवळ हौसेखातर सांगत नाही. पुढे हजारो रुपये वाया जाता जाता वाचले ते तिच्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी मी गाडी शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये नेऊन लावली. त्यांनी ती नऊ दिवस ठेवून घेतली आणि दहाव्या दिवशी, बॉनेटसुद्धा नीट न उघडता, ‘या गाडीचे पार्ट येत नाहीत, स्क्रॅपला द्या’ असा निरोप फोनवरून दिला. मला राग आला. परंतु नंतर विचार करता त्यांचे म्हणणे त्यांच्या दृष्टीने खरेच होते हे मान्य करावे लागते. तिथे दुरुस्ती म्हणजे संगणकावर भागाचा क्रमांक टाकायचा, डबा मागवायचा, जुना भाग काढायचा आणि नवा बसवायचा. क्रमांकापुढे ‘उपलब्ध नाही’ असे आले की त्यांच्या लेखी गाडी संपली. एका सहकाऱ्याने मग मला शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींचे नाव सांगितले. वय सत्तरीच्या पुढचे, हाताशी दोन पोरे, दुकानावर पाटी नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, पंख्याचे पाते धरून हलवले, ते सैल झालेल्या दातासारखे डुगडुगले, आणि ते म्हणाले, “सर, पंप गेलाय. पंपानं बाकीचं न्हेलंय. उघडून बघूया, मग बोलू.”

इंजिन उघडायला दोन दिवस लागले आणि नुकसानीची साखळी टेबलावर मांडून झाली. पद्मिनीत पंखा पाण्याच्या पंपाच्याच शाफ्टवर असतो. त्या शाफ्टचे बेअरिंग झिजून शाफ्ट डगमगू लागला, त्यामुळे पंपाचे सील फाटले आणि पाणी थेंबाथेंबाने गळत राहिले. शिवाय आतल्या इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाची, पाती गंजून निम्मी उरली होती, कारण आप्पांनी आणि त्यांच्यामागे मी कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले होते. पाणी फिरेना म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड तापले आणि वाकले. त्यावर सपाट पट्टी उभी धरून फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा फीलर गेज सरकवला तेव्हा मधोमध आठ थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.२० मिलिमीटरची फट निघाली. हेड आणि त्याखालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारे हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर जळले होते. आणि मी जे शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी रेटली, त्यात मधले दोन पिस्टन सिलिंडरच्या भिंतींना घासून दोन्हीकडे उभे ओरखडे पडले होते. मेस्त्रींनी नख त्या ओरखड्यांवरून फिरवले. नख अडकले. ते काही बोलले नाहीत, पण आईला उन्हातच बसू दिले असते तर बरे झाले असते हे मला न सांगता कळले.

पुढचा महिना मी भाग शोधत फिरलो, आणि ते शोधणे कसे करू नये हेच त्या महिन्यात शिकलो. कोल्हापूरच्या दुकानांत सर्व्हिसला लागणारे भाग अजून मिळतात: कॉन्टॅक्ट पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, कार्बोरेटरचे किट, व्हील सिलिंडरचे रबर. पंप आणि पिस्टन म्हटले की दुकानदार हसत. पुण्याला नाना पेठेत एका दिवसात अकरा दुकाने केली. तिथे एक जुने हेड गॅस्केट तेवढे मिळाले, तेही इतकी वर्षे फळीवर पडून कडांना तडकलेले. कुर्ल्याला जुन्या भागांच्या बाजारात गेलो तेव्हा एका व्यापाऱ्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सरळ सांगितले, की साहेब, तुम्ही चार महिने उशिरा आलात.

त्याचे म्हणणे असे, की पद्मिनीचे भाग इतकी वर्षे मिळत राहिले ते तुमच्यासारख्या हौशी मालकांसाठी नव्हे, तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी. गाडीचे उत्पादन थांबले तरी टॅक्सी रस्त्यावर होत्या. टॅक्सी रोज धावते म्हणून तिला रोज भाग लागतात, आणि भाग रोज लागतात म्हणून कुणीतरी लहान कारखानदार ते बनवत राहतो. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख छापले. ते लेख मीही वाचले होते, कात्रणही ठेवले होते. त्या लेखांचा माझ्या गाडीच्या पंपाशी काही संबंध असेल हे मात्र माझ्या डोक्यात आले नव्हते. भाग बनवणाऱ्यांनी अर्थात शेवटच्या टॅक्सीची वाट पाहिली नव्हती. टॅक्सींची संख्या घटू लागली तेव्हाच त्यांनी साचे बाजूला टाकले होते, आणि व्यापारी केवळ उरलेला माल विकत होते.

हताश होऊन मी इंटरनेटवर इटलीतले विक्रेते धुंडाळू लागलो. तिथे जुन्या गाड्यांचे भाग अजून बनतात, आणि ‘फियाट ११०० डी’ असे टाकताच पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट, सगळे समोर आले. किंमत युरोत, वर टपाल आणि सीमाशुल्क. तरीही मी चार पिस्टनांचा संच घ्यायचे ठरवून मेस्त्रींना उत्साहाने फोनवर चित्र दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न विचारला: “डाय किती?” मी खाली व्यास वाचला. ७२ मिलिमीटर. आपल्या गाडीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८ मिलिमीटर आहे. पुढे मी सगळी माहिती काढली तेव्हा उलगडा झाला. इटलीत १९६२ मध्ये आलेल्या ११०० डी या गाडीला ७२ मिलिमीटर बोअरचे १२२१ सीसीचे इंजिन होते. आपल्याकडे त्याच बॉडीत ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (म्हणजे पिस्टनच्या वरखाली धावेचे) १०८९ सीसीचे इंजिन राहिले. नाव तेच, चेहरा तोच, आणि पिस्टन चार मिलिमीटरने मोठा. “सर, पद्मिनीचं पिस्टन मागू नका,” मेस्त्री म्हणाले. “अडुसष्टचं पिस्टन मागा. पिनचा डाय सांगा, पिनपासनं माथ्यापतोरची उंची सांगा.” त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक जुना व्हर्निअर, म्हणजे बारीक मापे घ्यायचे साधन, दिला आणि तो वाचायला शिकवले. पन्नाशीच्या माणसाला, तेही महाविद्यालयात शिकवणाऱ्या, असे शिकायला जरा संकोच वाटतो, पण पुढचे सगळे काम त्या व्हर्निअरमुळेच सुरळीत झाले.

दरम्यान एका भंगारवाल्याने अख्खे इंजिन देऊ केले होते: ‘चालू’ स्थितीत, अठरा हजारांना. मोह झाला. पण इंजिन बदलले की ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागावर, कोरलेला क्रमांक बदलतो, तो नोंदणी पुस्तकात बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी ते इंजिन कुठल्या गाडीतले, तिचे पुढे काय झाले, याचे कागद दाखवावे लागतात. भंगारवाल्याकडे कागद नव्हते. आमच्या गाडीची नोंदणी त्याच वर्षी जुलैत संपत होती. पहिली पंधरा वर्षे आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण या हिशेबाने सहाव्यांदा नूतनीकरण करायचे होते. अशा वेळी क्रमांकाचा घोळ परवडणारा नव्हता. म्हणून आपलाच ब्लॉक वाचवायचा हे ठरले.

आता ब्लॉकची अडचण अशी, की आप्पांनी १९९७ मध्ये एकदा रिबोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करून, घेतले होते आणि तेव्हाच माप ६८.८० झाले होते. ओरखडे घालवायचे तर आणखी वाढवून ६९.२० पर्यंत जावे लागणार होते. त्या मापाचे पिस्टन या इंजिनासाठी कुणाकडे असण्याची शक्यता शून्य. मी स्वतःला हुशार समजून मारुती ८०० चे पिस्टन सुचवले, कारण त्यांचा व्यास ६८.५ मिलिमीटर असतो आणि ते कुठेही मिळतात. मेस्त्रींनी पोराला पाठवून एक जुना पिस्टन आणवला आणि मलाच मोजायला लावले. पिनचे छिद्र जुळेना, पिनपासून माथ्यापर्यंतची उंची जुळेना. वर ते इंजिन तीन सिलिंडरचे, म्हणजे आपल्या चारांसाठी दोन संच घ्यायचे आणि दोन पिस्टन कपाटात ठेवायचे. विषय तिथेच संपला.

अखेर कुर्ल्याच्या त्याच व्यापाऱ्याचा फोन आला. कुणा निवृत्त टॅक्सी-मेस्त्रीच्या घरातून मेणकागदात गुंडाळलेले चार पिस्टन निघाले होते, पिनसह, रिंगांशिवाय. मी आता नाव विचारले नाही, मापे विचारली. व्यास ६८, स्टँडर्ड. आठ हजारांना घेतले. पण आमचा ब्लॉक ६८.८०, म्हणजे पिस्टन लहान आणि भोक मोठे. इथे मला या कामातली सर्वांत आवडलेली गोष्ट पाहायला मिळाली. पिस्टन बोअरच्या मापाचा मिळत नसेल तर बोअर पिस्टनच्या मापाचा करायचा. चारही सिलिंडर आणखी मोठे, ७२ मिलिमीटरपर्यंत कापून घेतले (काही दिवस आमचा ब्लॉक इटलीच्या मापाचा झाला होता असे मी घरी सांगत असे). कापण्याआधी भिंतीत पाण्याच्या पोकळीपर्यंत पुरेसे लोखंड आहे का, हे मेस्त्रींनी तीन ठिकाणी तपासले. मग त्यात बिडाच्या स्लीव्ह, म्हणजे पातळ नळ्या, दाबून बसवल्या, आणि त्या स्लीव्ह आतून पुन्हा ६८ ला बोअर केल्या.

शेवटचा कापही छापील मापावर विसंबून घेतला नाही. बोअरिंगवाल्याने चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजले, प्रत्येकावर खडूने क्रमांक घातला आणि ज्याचा त्याचा सिलिंडर त्या त्या पिस्टनला दोन थाऊ सैल ठेवून होन केला, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केला. पिस्टन हातात आल्याखेरीज ब्लॉक बोअरिंगला द्यायचा नाही, हा नियम तिथल्या भिंतीवर लिहिलेला नसला तरी सगळे पाळतात. रिंगांचेही तसेच. व्यास, जाडी आणि खाचेची खोली सांगितल्यावर त्या आठ दिवसांत मिळाल्या. गाडीचे नाव कुणी विचारलेसुद्धा नाही.

हेडचे काम त्यामानाने लवकर उरकले. पाण्याच्या छिद्रांभोवती गंजून खड्डे पडले होते ते आर्गन वेल्डिंगने भरले, आणि मग फेसिंग करून पृष्ठभाग सपाट करून घेतला. तडकलेले जुने गॅस्केट वापरायला मेस्त्री तयार नव्हते. त्यांनी त्याचा उपयोग नमुना म्हणून केला: ते दीड मिलिमीटरच्या तांब्याच्या पत्र्यावर ठेवून सगळी भोके आखली, पत्रा कापला, कडा घासल्या, तो लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवला. तापवून विझवल्यावर पोलाद कडक होते आणि तांबे मात्र मऊ पडते, हे मी शाळेत कधीतरी शिकलो असेन. पण तो पत्रा हाताने सहज वाकतो हे पाहिल्यावर त्याचा अर्थ समजला. मऊ तांबे हेडच्या दाबाखाली बारीक उंचसखलपणात बसते. पाण्याच्या छिद्रांभोवती मात्र तांब्यावर भरवसा न ठेवता सीलंटची बारीक रेघ ओढावी लागते.

पंपाने सर्वांत जास्त वेळ घेतला. त्याची बॉडी बेअरिंगच्या जागी चिरली होती आणि वेल्डिंग तिथे टिकणार नव्हते. म्हणून नवी ओतायची, असे मेस्त्री इतक्या सहज म्हणाले की मला ते थट्टा करताहेत असे वाटले. परंतु कोल्हापुरात हे बोलणे थट्टेचे नाही. ऑइल इंजिने आणि उसाचे घाणे दुरुस्त करता करता या गावात ओतकाम आणि लेथ रुजले, आणि आज शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या वाहन कारखान्यांना बिडाचे भाग जातात. १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा मिळेना तेव्हा बाबूराव पेंटरांनी तो याच गावात तयार केला होता; त्यापुढे पाण्याचा पंप म्हणजे काहीच नव्हे. अडचण कौशल्याची नव्हती, संख्येची होती. जी फाउंड्री रोज टनांनी धातू ओतते ती किलोभराच्या एका तुकड्यासाठी भट्टी थांबवत नाही.

उद्यमनगरातल्या एका लहान अ‍ॅल्युमिनियम फाउंड्रीने, दिवसाच्या शेवटी भट्टीत उरलेल्या धातूतून ओतून देऊ, असे कबूल केले. त्याआधी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा घ्यायचा नमुना, हवा. जुनी चिरलेली बॉडीच जोडून, वाळूत दाबून साचा का घेऊ नये, असे मी विचारले. पॅटर्नवाल्याने उत्तर दिले ते मला आजही पाठ आहे: अ‍ॅल्युमिनियम निवताना शंभरात सव्वा मिलिमीटर आकसते. दीडशे मिलिमीटरच्या भागात जवळजवळ दोन मिलिमीटर कमी, म्हणजे बोल्टची भोकेच चुकणार. शिवाय लेथवर कापून साफ करायचे पृष्ठभाग आधी जाड ठेवावे लागतात. त्याने आकसणाऱ्या धातूच्या हिशेबाची, मापे फुगवलेली वेगळी पट्टी वापरून सागवानात पॅटर्न केला, आणि पाण्याच्या वाटेची पोकळी राहावी म्हणून वाळूच्या कोअरचा वेगळा साचा. या दोन लाकडी वस्तूंचे साडेसहा हजार झाले. प्रत्यक्ष ओतकामाचे पैसे त्यापुढे किरकोळ होते. म्हणजे एक पंप केला काय नि आठ केले काय, मोठा खर्च तोच. मी ओळखीपाळखीतून पद्मिनी बाळगणारे आणखी दोघे शोधले, एक इचलकरंजीचे आणि एक सांगलीचे, आणि पॅटर्नचा खर्च तिघांत वाटून आम्ही आठ बॉडी ओतून घेतल्या.

आठांपैकी दोन बाद झाल्या. तोंडे बंद करून आत हवा भरायची आणि पंक्चर काढतात तसे पाण्याच्या घमेल्यात बुडवायचे, अशी परीक्षा होती. त्या दोघींतून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आले. तिसरी लेथवर पोराच्या हातून बिघडली. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मीच त्याची समजूत काढली. उरलेल्या पाचांमध्ये मेस्त्रींनी मूळ रचनेत एक बदल केला, आणि त्यांच्या कसबाचा कस मला त्यातच दिसला. जुन्या पंपात शाफ्ट आणि बेअरिंग हा एकसंध, खास त्या पंपापुरता बनवलेला जोड होता. त्याऐवजी त्यांनी १७ मिलिमीटरचा शाफ्ट कातून त्यावर ६२०३ क्रमांकाची दोन बेअरिंगे बसतील अशी जागा केली. ६२०३ म्हणजे आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिलिमीटर. ते कुणाही कंपनीचे असो, पाण्याच्या मोटारीत असो वा ऑल्टरनेटरमध्ये, माप तेच. सीलही शेतीच्या पंपांना लागते तसे, कार्बन आणि सिरॅमिकच्या चकत्यांचे, शाफ्टच्या मापावरून निवडले. इम्पेलर गनमेटलचा, म्हणजे एका प्रकारच्या कांस्याचा, ओतला, म्हणजे तो पुन्हा गंजणार नाही. आता कधी हा पंप बिघडला तर पद्मिनीचा पंप शोधत कुणाला कुर्ल्याला जावे लागणार नाही. बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात जाऊन आकडा सांगितला की झाले.

ऑइल सीलांचे तंत्रही हेच निघाले. सीलच्या ओठाशेजारी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी असे तीन आकडे छापलेले असतात. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची सगळी सीले मी स्वतः चिंधीने पुसून, आकडे वहीत उतरवून एका दुपारी गोळा केली. पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या मात्र केवळ मापाने घेऊन भागले नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते, चिघळते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घ्यावे लागले.

हा धडा ताजा असूनही ब्रेकच्या बाबतीत मी फसलोच. गाडी चार महिने उभी राहिल्याने चारही ड्रममधले व्हील सिलिंडर चिकटले होते. ते होन करून घेतले, आणि रबरी कप मी एका दुकानातून बिननावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतले आणले. व्यास मी मोजला होता, तो बरोबर होता. ब्रेक जोडून, तेल भरून, हवा काढून झाली. गाडी गल्लीत दोन फेऱ्या मारून आली. तीन दिवसांनी ती ढकलूनही हलेना. उघडून पाहिले तर कप फुगून सिलिंडरमध्ये घट्ट बसले होते. मेस्त्रींनी एक कप काढून नव्या कपाशेजारी ठेवला, दोन मिलिमीटरचा फरक सहज दिसत होता. हे रबर इंजिन ऑइलला चालणारे, नायट्राइल जातीचे होते. ग्लायकोलच्या ब्रेक ऑइलमध्ये ते फुगते, तिथे ईपीडीएम जातीचे लागते. दोन्ही काळी, दोन्ही सारखी दिसणारी. घाटात हे घडले असते तर काय, हा विचार मी त्या रात्री झोपेपर्यंत करत होतो. नंतर नामांकित कंपनीचे, खोक्यावर स्पष्ट छापलेले कप मुंबईहून मागवले आणि मास्टर सिलिंडरला आतून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून घेतली. इंजिनाच्या बाबतीत मेस्त्री लागेल ते जुळवून घेत; ब्रेकच्या बाबतीत त्यांनी पुन्हा एकदाही ‘चालवून घेऊ’ असे म्हटले नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन पहिल्यांदा चालू झाले. पहिले पाचशे किलोमीटर चाळीस-पन्नासच्या वेगाने, आणि नंतर हेडचे नट पुन्हा ठरलेल्या क्रमाने आवळायचे, असा हुकूम होता. एकूण खर्च ८३,००० रुपये, त्यात टेम्पो, मुंबई-पुण्याच्या खेपा आणि वाया गेलेले रबर धरले आहे. जुलैत नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी दाखवायला नेली. २०२२ च्या एप्रिलपासून खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले होते. ते भरले, ब्रेकची परीक्षा झाली, निरीक्षकांनी ब्लॉकवरचा क्रमांक पुसून वाचला आणि तो पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला.

ऑगस्टमध्ये पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा आईला घेऊन पुन्हा रत्नागिरीला गेलो. परतताना साखरप्यापासून वरपर्यंत माझी नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावर जास्त होती. आईने ते ओळखून मला दोनदा टोकले. काटा मध्यापलीकडे गेला नाही. ज्या वळणावर फेब्रुवारीत थांबलो होतो तिथे मी मुद्दाम गाडी उभी करून बॉनेट उघडले आणि पंपाखाली हात फिरवला. हात कोरडा होता.

पाच पंपांपैकी एक माझ्या गाडीत आहे, दोन त्या दोघांनी नेले, दोन माझ्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत. गेल्या महिन्यात निपाणीहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे १९७९ ची गाडी आहे, पंप गळतो आहे, कुणीतरी माझे नाव सांगितले, पद्मिनीचा पंप तुमच्याकडे आहे असे ऐकले, किती द्यायचे? मी किंमत सांगितली नाही. बोल्टच्या तिन्ही भोकांमधले अंतर, पुली बसते त्या तोंडाचा व्यास आणि ब्लॉकपासून पंख्यापर्यंतची लांबी मोजून कळवा म्हणालो. दुसऱ्या दिवशी आकडे आले. दोन जुळले, लांबी तीन मिलिमीटरने चुकत होती. कशाने मोजली असे विचारले तेव्हा ते म्हणाले, मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने. त्यांना व्हर्निअर मिळवून पुन्हा मोजायला सांगितले आहे.